छावणीबाहेर

सकाळी सव्वापाचला नालुकुईबाईंनी दिवसाचं मनन चर्चच्या मंडळीच्या फोनवरच्या गटावर पाठवलं आणि अंगणातल्या कोळशाच्या शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. वीज पहाटेच गेली होती. या आठवड्यात लुसाकातल्या त्यांच्या चिलेंजे वस्तीची वीजकपातीची पाळी सकाळची होती. चहा उकळेपर्यंत फोनवर एकतीस आमेन येऊन पडले. रोज येत तसेच. पहिला पाळक हामूंगांचा, मग गायनमंडळातल्या बायकांचे एकामागून एक, मग कामावर निघालेल्यांपैकी ज्यांना मिनीबसमध्ये बसायला मिळालं होतं त्यांचे. वाचन होतं बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा तेरावा अध्याय. मनन चार ओळींचं होतं: पाप हे कुष्ठासारखं असतं, आधी एक बारीक डाग दिसतो, मग तो पसरत जातो, म्हणून वेळीच आपल्या खऱ्या याजकाकडे धाव घ्या. या चार ओळी बाईंनी गेल्या वर्षीच्या मननातून जशाच्या तशा उचलल्या होत्या, आणि गेल्या वर्षी त्याच्या आदल्या वर्षीच्या. कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि यायचं कारणही नव्हतं. बाईंनी कपात साखर घातली, ढवळली, आणि तेवढ्यात बत्तिसावा निरोप आला. तो आमेन नव्हता. ज्याला नाव नव्हतं अशा एका नंबरावरून कोणीतरी लिहिलं होतं: "आजी, छावणीबाहेर एकटा राहायचा त्या माणसाला जेवण कोण नेऊन द्यायचं?"

बाईंनी चहा तसाच ठेवला आणि ग्रंथ पुन्हा उघडला. एकोणसाठ वचनं आहेत त्या अध्यायात. डाग कातडीपेक्षा खोल दिसतो का, त्यातला केस पांढरा झाला आहे का, सात दिवस कोंडून ठेवून पुन्हा बघायचं, आणखी सात दिवस, मग निर्णय. फाटके कपडे, मोकळे केस, वरचा ओठ झाकलेला, आणि मी अशुद्ध, मी अशुद्ध असं स्वतःच ओरडत राहायचं. त्याची वस्ती छावणीबाहेर. त्यानंतर लगेच लोकरीच्या आणि कातड्याच्या वस्तूंवरच्या बुरशीचे नियम सुरू होतात. जेवणाबद्दल एक शब्द नाही. बाईंनी उत्तर लिहिलं, "वचनात ते सांगितलेलं नाही." थोड्या वेळाने पलीकडून आलं, "बरं आजी. पण कोणीतरी नेत असणारच." मग पुन्हा आमेन सुरू झाले, आणि ते दोन निरोप त्यांच्या खाली गडप झाले. चहावर साय धरली होती. बाईंनी ती बोटाने बाजूला केली आणि थंड चहा त्या उभ्याउभ्याच प्यायल्या.

एकतीस वर्षं त्या दर जानेवारीत उत्पत्तीपासून सुरुवात करत आणि डिसेंबरच्या अखेरीला प्रकटीकरणाच्या शेवटच्या पानावर पोचत. नवरा होता तोपर्यंत तो पलंगाच्या पलीकडच्या बाजूला घोरत असे आणि त्या दिव्याला टॉवेल लावून वाचत. वंशावळी वाचल्या, मंडपाच्या खांबांची मापं वाचली, ज्या राजांची नावं उच्चारताही येत नाहीत त्यांच्या लढाया वाचल्या, काही वगळलं नाही. हा एक अध्याय मात्र त्या ओळखीच्या दारावरून मान खाली घालून जावं तसा वाचत. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की त्या भराभर वाचू लागत आणि अठराव्या अध्यायाशी पोचल्यावरच पुन्हा सावकाश होत. तीन वर्षांपूर्वी मंडळीने रोजच्या वाचनाचा गट काढला आणि मनन लिहायचं काम पाळकांनी त्यांच्यावर सोपवलं, तेव्हाही त्यांनी सर्वांत आधी तेराव्याचं मनन लिहून ठेवलं होतं, जानेवारीतच. लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं होतं. अध्यायावर झाकण बसलं होतं. आणि आता कोणीतरी ते झाकण उचललं होतं, तेही एखाद्या स्वयंपाकघरातून विचारावं इतक्या साध्या आवाजात. आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता, तरी त्यांना तो ऐकू येत होता. टेलिफोन खात्यात एकोणतीस वर्षं नंबर जोडून देण्यात गेली होती. न पाहिलेल्या माणसांचे आवाज मनात तयार होणं ही त्यांची जुनी खोड.

देशाच्या पश्चिमेकडे, सेनांगा गावाच्या वर, झाम्बेझी नदीच्या पुराचं पाणी दर वर्षी मैदानावर चढतं. गावं उंचवट्यांवर असतात आणि पाणी फारच वाढलं तर माणसं गुरंढोरं घेऊन कडेच्या रानात सरकतात. नालुकुई दहा वर्षांची होती त्या वर्षी गावाच्या उंचवट्याच्या पलीकडे, हाक पोचेल इतक्या अंतरावर, एका लहान उंचवट्यावर गवताची एक झोपडी उभी राहिली आणि तिच्यात तिचा बाप राहायला गेला. रविवारची प्रार्थना गावात तोच चालवत असे. मिशनच्या शाळेत राहून शिकलेला गावातला तो एकटा माणूस, त्याला सारी स्तोत्रं तोंडपाठ. आधी त्याच्या पाठीवर फिकट चट्टा दिसला, मग हाताची बोटं वळेनात, मग एकदा चुलीतलं लाकूड त्याने हाताने सरकवलं आणि बोट भाजल्याचं त्याला वासावरून कळलं. तेवढं पुरलं. काकाने चार माणसं बोलावली. झोपडीसाठी गवत त्याने स्वतः कापलं. आईच्या अंगावर तान्हं होतं, थोरली बहीण दिवसभर गुरांमागे असे, म्हणून जेवण न्यायचं काम नालुकुईवर आलं. लाकडी वाडगा, त्यात मक्याच्या पिठाचा नशिमा, कधी मासळी, कधी आंबट दूध. वाडगा एका खुंटापाशी ठेवायचा आणि दहा पावलं मागे यायचं, असं काकाने बजावलं होतं. पहिल्याच दिवशी बाप झोपडीच्या आतून म्हणाला, "शाळेत वाचायला शिकलीस ना तू? मग रोज एक अध्याय वाचून दाखव. माझ्या बोटांना आता पान उलटलेलं कळत नाही. पहिल्यापासून सुरू कर, आवडतं तेवढंच नको." मग ती दहा पावलांवर उकिडवी बसून वाचू लागली. उत्पत्ती कोरड्या पायवाटेवर झालं. निर्गमाचं पुस्तक चालू असताना पुराचं पाणी आलं, आणि समुद्र दुभंगला तो अध्याय तिने कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, ग्रंथ डोक्यावर धरून, आठवेल तसा ओरडून सांगितला, तेव्हा बाप आत इतका हसला की त्याला खोकला लागला. त्यानंतर तिला लहान होडी मिळाली. होडी खुंटाला बांधून ती मधल्या फळीवर बसे आणि वाचे. लेवीय कंटाळवाणं होतं, बळीच्या जनावरांची चरबी आणि गुर्दे आणि यकृतावरचा पडदा. पण बाप मधूनमधून "हं" म्हणे, म्हणून ती वाचत राही.

तेरावा अध्याय तिने इतर अध्यायांसारखाच सुरू केला. शाळेतल्या वाचनासारखा, एका सुरात, प्रत्येक वचनाच्या शेवटी श्वास घेत. कातडीवरचा डाग आला तेव्हा तिला काही वाटलं नाही. पांढरा केस, सात दिवस कोंडणं, पुन्हा सात दिवस. आतून "हं" येणं कधी थांबलं ते तिच्या ध्यानात आलं नाही. मग फाटके कपडे आले, झाकलेला ओठ आला, आणि अशुद्ध हा शब्द तिने आपल्या स्वच्छ, शाळकरी, ठणठणीत आवाजात दोनदा उच्चारला तेव्हा पाण्यावरून तो परत तिच्या कानात आला. तिने मान वर केली. झोपडीच्या दारावर चटई होती. चटई हलत नव्हती. थांबावं असं तिला वाटलं, पण आपण थांबलो तर का थांबलो हे दोघांनाही कळेल, म्हणून ती पुढे वाचत गेली. बुरशी लागलेली लोकर, बुरशी लागलेलं कातडं, सगळं शेवटपर्यंत. झाल्यावर बराच वेळ आतून आवाज आला नाही. मग बाप म्हणाला, "वारा सुटायच्या आत जा घरी." त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. ती घरी आली. दुसऱ्या दिवशी अंगात ताप आहे म्हणून पांघरूण घेऊन पडली. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी पहाटेच मिशनची मोटरहोडी आली आणि रोग्यांच्या वसाहतीत न्यायला बापाला घेऊन गेली. ती पांघरुणाखालून मोटारीचा आवाज ऐकत होती. पुढच्या वर्षी तिला मोंगूच्या मुलींच्या शाळेत घातलं. शाळेच्या वहीत काकाने बापाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. लुसाकात आल्यावर, लग्न ठरलं तेव्हा, नवऱ्याला तिने सांगितलं की बाप पुरात बुडाला. ते खोटं तिला कधी फारसं जड गेलं नाही. जड होतं ते वेगळंच, तीन दिवस. ते तीन दिवस तो जेवला का, हे तिला ठाऊक नव्हतं.

नऊ वाजता बाईंनी त्या नंबरावर फोन केला. पलीकडे झाऱ्याचा आवाज, माणसांची गर्दी, कोणीतरी मीठ मागत होतं. "कोण? नालुकुई आजी? अरे देवा, मी काही चुकीचं विचारलं का?" आवाज चाळिशीतल्या बाईचा होता, मनात तयार झाला होता त्यापेक्षा जाड. तिने नाव सांगितलं एस्नात झिम्बा, आणि सांगितलं की मोठ्या सरकारी इस्पितळाच्या मागच्या फाटकापाशी ती जेवण विकते, आजींनी यायचं तर दुपारच्या गर्दीआधी यावं. का जायचं हे बाईंना नीट सांगता आलं नसतं. त्यांनी चर्चला जातानाची चप्पल घातली, छत्री घेतली आणि मिनीबस पकडली. मिनीबसमध्ये शेजारच्या माणसाच्या मांडीवर कोंबडी होती आणि ती सारखी बाईंच्या मनगटाकडे बघत होती. रस्त्याच्या कडेला, घरांच्या मागे, जिथे हातभर जागा होती तिथे मका उभा होता, तुऱ्यावर आलेला. बाईंना एकाएकी वाटलं की आपण कुठल्याशा तपासणीला चाललो आहोत, आणि आता कोणीतरी आपली बाही वर करून बघणार आहे.

एस्नातचं दुकान म्हणजे चार बांबूंवर ताडपत्री, दोन मोठ्या शेगड्या आणि एक लांब बाक. ती घामाने डबडबलेल्या तोंडाने लाकडी पळीने नशिमा घोटत होती आणि घोटताना खांद्यापासून हलत होती. बाईंना बघून तिने कमरेच्या कापडाच्या टोकाने बाक पुसला. "बसा आजी. मी मंडळीत तीनच महिन्यांपूर्वी आले. आधी कधी हा ग्रंथ वाचला नव्हता. नवरा म्हणतो, वाचतेस ते वाच, प्रश्न कशाला विचारतेस? पण मला ते डोक्यातून जाईना."

"का?" बाईंनी विचारलं.

"अहो, माझं कामच ते. लांबून लोक रोगी घेऊन येतात, आणि रोग्याजवळ बसायला परवानगी नसली की बाहेर या झाडाखाली बसतात. मग मी ताट भरते, वर दुसरं ताट झाकते आणि शिपायाकडे देते. कोणाचं ताट कोणत्या खोलीत, ते मला पाठ आहे." तिने पळी शेगडीच्या कडेवर आपटली. "त्या अध्यायात याजकाचं काम दोन-दोन पानं लिहिलंय, केस कसा बघायचा न् किती दिवस कोंडायचं. खाण्याची एक ओळ नाही. लिहिणारा पुरुष असणार, दुसरं काय?"

बाईंना हसू आलं, आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. मग, हसू ओठांवर असतानाच, त्या म्हणाल्या, "समजा, जेवण नेणारी एक दिवस गेलीच नाही. तर?"

एस्नातने त्यांच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकं यायला लागली होती, दोघं उभी होती, पण तिने हात थांबवला. "मग दुसऱ्या कोणी नेलं असेल."

"आणि नसेल नेलं तर?"

"माणूस उपाशी राहिला तर गावाला कळतं, आजी. लपत नाही ते." ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही विचारलं नाहीत कोणाला?"

सत्तावन्न वर्षांत विचारलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती की बाईंना तिच्यापुढे ओशाळल्यासारखं झालं. प्रार्थनेत विचारलं होतं, देवाला, शेकडो वेळा, आणि उत्तर न आल्याचा अर्थ त्यांनी स्वतःच लावला होता. ज्याला ठाऊक असेल अशा जिवंत माणसाला मात्र कधी विचारलं नव्हतं. एस्नातने त्यांच्यापुढे ताट ठेवलं, पैसे घ्यायला नकार दिला, मग बाईंनी आग्रह केला तेव्हा घेतले. बाईंनी सुक्या मासळीबरोबर नशिमाचा गोळा बोटांनी दाबून खाल्ला. सगळा खाल्ला. शेजारी बसलेला एक म्हातारा आपल्या ताटाकडे न बघता इस्पितळाच्या खिडक्या मोजत होता, आणि जेवताना बाईंना त्याचे ओठ हलताना दिसत होते.

घरी येऊन त्यांनी सेनांगाला थोरल्या बहिणीला, नासिलेलेताईला, फोन लावला. ताईचा फोन पडवीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तरच लागतो, तेवढ्यासाठी तिथे एक स्टूल कायमचा ठेवलेला आहे. तिसऱ्या खेपेला लागला.

"कोण गेलं?" ताईने पहिलं विचारलं.

"कोणी नाही गेलं, ताई."

"मग भर दुपारी कशाला? पायाला कळ लागते मला या स्टुलावर."

बाईंनी मनाशी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. "बाबा त्या झोपडीत असताना, शेवटचे तीन दिवस, मी गेले नाही ना, तेव्हा जेवण कोणी नेलं?"

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "हे आता विचारतेस होय. मी नेलं. आणखी कोण नेणार? आई तान्ह्याला टाकून जाणार होती का?"

"तीनही दिवस?"

"तीनही दिवस. तुला ताप नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. आई म्हणाली, पडू दे तिला, काहीतरी मनाला लागलंय तिच्या. मला वल्हं नीट मारता येत नव्हतं, तरी गेले. आणि गेले तर गेले, तो लवकर सोडेना. मला म्हणाला, थांब, आज वाचणारी नाही तर मीच सांगतो. मला काय कळतंय त्यातलं? मी वाडगा घेऊन परत कधी जाते याची वाट बघत होते. त्याने काहीतरी पाखरांचं सांगितलं. दोन पाखरं. एकाला वाहत्या पाण्यावर मारतात आणि दुसऱ्याला रानात सोडून देतात. तेवढं मात्र राहिलं लक्षात. मी विचारलं, मारलेल्याचं काय करतात? तर म्हणाला, ते विचारू नकोस, सोडलेल्याकडे बघ."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. दोन पाखरं कुठे आहेत हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. चौदाव्या अध्यायात आहेत, उद्याच्या. बरा झालेल्या माणसाला छावणीत परत घेण्याचा तो विधी. म्हणजे तो थांबला नव्हता. ती पांघरुणाखाली तोंड लपवून पडली होती तेव्हा तो आपला पुढच्या अध्यायावर गेला होता, तोंडपाठ, न वाचता येणाऱ्या थोरलीला समोर बसवून.

"तू मला कधी सांगितलं नाहीस, ताई."

"तू कधी विचारलंस? काकाने बजावलं होतं, घरात त्याचं नाव काढायचं नाही. तू शहरात गेलीस, नवऱ्याला सांगितलंस बाप बुडाला. बरं, म्हटलं, बुडाला तर बुडाला, मी कशाला मध्ये तोंड घालू?" ताईने खाकरून घसा साफ केला. "वसाहतीत आम्ही एकदा गेलो होतो, आई आणि मी. तू मोंगूला होतीस. पांढरी चादर, खाट, सगळं नीट होतं तिथलं. त्याने तुझी चौकशी केली. कुठवर आली ती वाचत, म्हणून विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, मला काय माहीत, मला वाचता येतं का? तर हसला. बरं, आता उतरू दे मला खाली, पाय गेला माझा." आणि ताईने फोन ठेवला, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, निरोपाचा शब्द न बोलता.

बाई रडल्या नाहीत. उरलेली दुपार त्यांनी गुडघ्यावर ग्रंथ न उघडता ठेवून घालवली. सत्तावन्न वर्षं एक माणूस चटईआड गप्प बसलेला होता, आणि ती गप्प बसलेली आकृती त्यांनी इतक्या काळजीने जपली होती की आता ती हलली, बोलू लागली, पाखरांबद्दल सांगू लागली, तेव्हा त्यांना आनंदाबरोबर थोडा रागही आला. इतकी वर्षं आपण कोणासाठी मान खाली घातली? मग रागही ओसरला. तो दुखावला गेला नव्हता असं तरी कसं म्हणावं? त्या दिवशी तो गप्प झालाच होता. दुखावला असेल, आणि तरी पुढे गेला असेल. माणसाला दोन्ही जमतं. हे त्यांना कुठल्याही मननात लिहिता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी चौदावा अध्याय वाचला. मोठ्याने वाचला, शाळेतल्यासारखा नव्हे, कोणी ऐकत बसलं आहे असा. एकतीस वेळा डोळ्यांखालून गेलेलं एक वाक्य आज त्यांना अडवून उभं राहिलं. तिसऱ्याच वचनात याजक उठतो आणि छावणीच्या बाहेर जातो. रोगी आत येत नाही, आधी याजक बाहेर जातो. मग त्यांनी फोन घेतला आणि एका बोटाने, चष्मा कपाळावर सरकवून, हळूहळू लिहिलं:

"कालचं मनन मी तीन वर्षं तेच पाठवत आले. ते मी अध्याय नीट न वाचता लिहिलं होतं. माझ्या वडिलांना कुष्ठरोग होता. तो आजार होता, पाप नव्हतं. गावाने त्यांना वेगळं ठेवलं. मी दहा वर्षांची असताना त्यांना जेवण नेत होते आणि हाच ग्रंथ वाचून दाखवत होते. तेराव्या अध्यायानंतर मी गेले नाही. नंतर माझ्या बहिणीने जेवण नेलं. तिचं नाव नासिलेले. तिला वाचता येत नाही. आजच्या अध्यायात याजक स्वतः छावणीबाहेर जातो. एवढंच."

पाठवलं आणि फोन हातात धरून बसल्या. चहा उकळला, ओतला, प्यायला. एकही आमेन आला नाही. पावणेसातला गटातून एक नंबर निघून गेला. कोणाचा तो त्यांनी बघितला नाही. उजाडलं, समोरच्या घरातली मुलं शाळेला गेली. आठच्या सुमाराला एस्नातचं आलं: "आजी, बहिणीला माझा नमस्कार सांगा." त्यानंतर पाळक हामूंगांचा फोन आला. बोलायला लागण्याआधी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ खाकरले.

"बाई, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे, पाळकसाहेब."

"साक्ष चांगली आहे तुमची. मनापासूनची आहे. फक्त काय आहे, गटावर सगळ्या प्रकारची माणसं असतात. दोघांचे फोन आले मला. कुष्ठ आणि पाप हे आपण इतकी वर्षं शिकवत आलो..."

"मीही शिकवत आले."

"हो, हो. म्हणून म्हणतो, हवं तर दोन दिवस विश्रांती घ्या. गायनमंडळातली कोणीतरी लिहील."

"जशी तुमची इच्छा. उद्या पंधरावा अध्याय आहे," बाई म्हणाल्या. "अंगातून होणाऱ्या स्रावांचे नियम आहेत त्यात. कोण लिहायला तयार आहे, विचारून बघा."

पाळक सज्जन माणूस होते, आणि पंधरावा अध्याय त्यांना माहीत होता. "नको," ते शेवटी म्हणाले. "तुम्हीच लिहा." आणि फोन ठेवता ठेवता, निराळ्याच आवाजात, घाईने म्हणाले, "माझ्या आजीची बहीण होती तशी. आम्ही तिला बघितलं नाही कधी." बाई काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला होता.

संध्याकाळी साडेपाचला इनोंगे, त्यांची मुलगी, कामावरून आली. ती शहरातल्या एका चष्म्याच्या दुकानात असते. तीही गटात आहे हे बाईंना माहीत होतं, आणि दिवसभर त्यांनी त्याचा विचार येऊ दिला नव्हता. इनोंगेने पिशवी ठेवली, हात धुतले, आईसमोरची खुर्ची ओढली आणि बसली. थोडा वेळ ती टेबलावरच्या मेणकापडाची सुरकुती नखाने सपाट करत राहिली.

"दुकानात वाचलं मी," ती म्हणाली. "गिऱ्हाईक समोर होतं. त्याला चुकीचा नंबर लावला."

"सांगायला हवं होतं तुला आधी."

"हवं होतं." इनोंगेने मान वर केली नाही. "आजोबा बुडाले म्हणून तू मला कधी पाण्यात उतरू दिलं नाहीस. शाळेची सगळी पोरं तलावावर जायची आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. मला वाटायचं, आपल्या घराण्यातच ते आहे. पाणी."

"ते खोटं होतं. माझंच."

"बाबांना ठाऊक होतं?"

"नाही."

बाहेर कोणीतरी मक्याची कणसं भाजत होतं, धूर खिडकीतून आत येत होता. तिचा राग बाईंना दिसत होता. जबड्याच्या कोपऱ्यात, जिथे तिच्या बापाचा राग दिसायचा. पण राग असूनही ती उठून गेली नव्हती. तिने खुर्ची आणखी थोडी पुढे घेतली.

"त्यांचं नाव काय होतं?"

बाईंनी तोंड उघडलं. काकाच्या घरात, शाळेत, टेलिफोन खात्यात, नवऱ्याजवळ, या दोन खोल्यांत, कुठेच ते नाव उच्चारलं गेलं नव्हतं. नुसतं बाबा म्हटलं होतं, तेही क्वचित. पण ते तिथेच होतं, कोरडं, न गंजलेलं.

"आकाकांदेल्वा."

इनोंगे लुसाकात वाढलेली, घरातली भाषा तिच्या जिभेवर अर्धीच. तिने नाव म्हणून पाहिलं आणि मध्येच घसरली.

"तसं नाही," बाई म्हणाल्या. "सावकाश. सगळं म्हण."

ती पुन्हा म्हणाली. पुन्हा चुकली. तिसऱ्या वेळेला तिने आईच्या ओठांकडे बघत एकेक अक्षर उचललं, आणि ते नीट आलं.